कडव्या वालांचा सोमवार

शैला,

शिक्षक कधी मरत नाही, तो आपल्या विद्यार्थ्यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतो.

शनिवारी तुझ्या शोकसभेत हे वाक्य मागच्या फलकावर होतं. सोनेरी अक्षरं, चारी कडांना छापील पणत्या आणि मधोमध तुझा फोटो. फोटो आधार कार्डावरचा, कारण संस्थेच्या दप्तरात तुझा दुसरा सापडला नाही. तो एवढा मोठा केल्यामुळे तू पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होतीस. चिटणीसांनी भाषणात तुला 'ज्ञानयज्ञातील समिधा' म्हटलं. तू असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून विचारलं असतंस, "म्हणजे जळाऊ लाकूडच ना गं?"

आणि ज्यांच्या रूपाने तू जिवंत राहणार आहेस, ती लहान शिशूतली पोरं सभेला नव्हती. तू गेलीस हे त्यांना अजून कुणी सांगितलेलंच नाही. ते काम माझ्याकडे आलंय. आज रविवार. उद्या सकाळी ते करायचंय, आणि मला ते जमेल असं वाटत नाही.

तू दिवाळीच्या सुट्टीत गेलीस. शाळा उघडली त्या दिवशी मधलं लाकडी पार्टिशन सरकवलं, तुझा लहान शिशू माझ्या मोठ्या शिशूत मिसळला आणि चिटणीसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंगलबाई, बाई गावाला गेल्या म्हणा. चार वर्षांची मुलं, जूनपर्यंत विसरून जातील."

आपल्या वर्गातली निम्मी मुलं कोकणातली आहेत हे साहेबांना कोण सांगणार? मुलांच्या लेखी गावाला गेलेला माणूस परत येतो. नुसता येत नाही, येताना फणस घेऊन येतो. मी 'गावाला' म्हटल्याबरोबर ओमकारने विचारलं, "मग काय आणणार?" मी म्हटलं, "बघू." तेव्हापासून तो रोज दाराकडे बघतो आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळते.

त्यात तुझ्या त्या दोन टोपल्या. पद्धत तुझीच, तुला काय सांगायची, पण हल्ली रोज सकाळी ती माझ्या अंगावर येते. एका टोपलीवर 'इथे', दुसरीवर 'घरी'. प्रत्येकाचा एकेक दाणा, ऋतूप्रमाणे बदलणारा. शाळा सुरू होताना जांभळाची बी, नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात गेल्या की शिंपला, दिवाळीनंतर वाल, शिमग्याच्या सुमाराला चिंचोका. सकाळी आल्यावर आपला दाणा 'घरी'तून उचलायचा आणि 'इथे'त टाकायचा. मग सगळ्यांनी मिळून मोजायचं: इथे किती, घरी किती, जास्त कुठे. तुझा स्वतःचाही असायचा. ह्या खेपेला मोठा, जांभळट कडांचा शिंपला, दीपालीच्या आईने गोराईच्या जेटीवरून आणून दिलेला. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले शिंपले 'घरी'त टाकले. तूही टाकलास. शाळा उघडल्यावर मुलांनी आपापले उचलले. तुझा तिथेच आहे.

दीपाली रोज वाकून बघते.

"बाई अजून घरीच?"

"हो."

"आजारी आहेत?"

"नाही."

"मग खाडे करतायत," ती म्हणते, आणि जाऊन बसते.

हे आणखी काही दिवस कसंबसं चालून गेलं असतं. पण उद्या शिंपले जाऊन वाल यायचेत. सुट्टीआधी तूच त्यांना सांगून ठेवलंस, दिवाळी झाली की वाल, आणि ते एकहीजण विसरलेला नाही. नवा ऋतू म्हणजे प्रत्येकाला नवा दाणा. तुला द्यायचा की नाही? नाही दिला तर विचारतील. दिला तर शिमग्यापर्यंत मला रोज सकाळी 'हो' म्हणत राहावं लागेल. म्हणून उद्याच सांगायला हवं. एक रडला की सगळे रडतील, आयांचे फोन येतील, चिटणीस येतील, ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. सांगितल्यावर त्यांना कळेल की इतके दिवस मला माहीत होतं. मग ह्या वर्गात त्यांनी विश्वास ठेवावा असं कोण उरतं?

वाक्यं तयार करून बघतेय. 'बाई तारा झाल्या' म्हटलं तर ओमकार कुठला तारा म्हणून विचारणार आणि बोरिवलीच्या आकाशात दाखवायला एक सापडायचा नाही. 'बाई झोपल्या' म्हटलं तर एकही पोर दुपारी घरी झोपणार नाही. 'बाई खूप लांब गेल्या' म्हटलं तर विचारतील, लांब म्हणजे विरार? मृत्यूवरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, तू त्यावरून मला पुष्कळ बोललीही आहेस. सकाळपासून कपाट उघडून बसलेय. चार वर्षांच्या माणसाला सांगता येईल असं एकही वाक्य त्यात नाही.

आपलं ह्या वर्षीचं भांडण ऋतूंवरूनच सुरू झालं होतं, आठवतंय? संस्थेने तो महागडा छापील संच आणला होता. त्यात ऋतू चार, झाडांना लाल पानं, आणि हिवाळ्याच्या तक्त्यावर बर्फाचा माणूस. मुलांनी एकमताने ठरवलं की तो टोपी घातलेला मोदक आहे. तू त्याच्या पोटावरच्या बटणांवर तीनपर्यंत मोजून घेतलंस आणि संच कपाटावर टाकलास. तिथवर मी तुझ्याच बाजूची होते. मग मी तुझ्या वर्गात येऊन विचारलं, ऋतू किती? मला तीन हवे होते. दीपाली म्हणाली, "दोन. बोट पाण्यात नि बोट बाहेर." आणि तू म्हणालीस, "बरोबर."

"अगं, बरोबर काय? पहिलीच्या बाईंनी विचारलं तर?"

"तर त्यांनाही कळेल."

पोरं हसली, तूही हसलीस, मी चहा न घेता परत गेले. माझं मत आजही तेच आहे. तिला दोन माहीत होते हे छानच. तिसरा सांगितला असतास तर तिच्या बापाची बोट बुडाली नसती.

अक्षरांचंही तेच. जून आला की जांभळाचा ज, मग छत्रीचा छ, थंडीत वालाचा व, बोराचा ब, संक्रांतीला तिळाचा त. एका मुलाचे वडील तावातावाने आले होते. "बाई, हा 'बोंबील' लिहितो, पण 'कमळ' लिहीत नाही."

"कमळ बघितलंय का त्याने?"

"चित्रात बघितलंय ना."

"मग चित्र काढू दे कमळाचं. लिहू दे बोंबील."

ते गृहस्थ विचारात पडून गेले आणि मीही, कारण 'ण' कुठल्याच बाजारात विकायला येत नाही. मी दरवर्षी विचारायची, शैला, ण चं काय? तू दरवर्षी म्हणायचीस, मार्चमध्ये बघू. मार्च संपायचा आणि तुझी सगळी बेवारशी अक्षरं पुढच्या वर्षी माझ्या वर्गात यायची. सभेत ह्यावर कुणीच बोललं नाही. ज्ञानयज्ञात ण कोण शिकवत होतं, हे मी तरी लक्षात ठेवणार आहे.

पण खरं सांगू? पार्टिशनपलीकडून तुझा आवाज आला की माझी मुलं कान टवकारायची आणि मी त्यांना गप्प करायची नाही. पणतीत किती शिंपले बसतील? बाटलीच्या झाकणात किती वाल? कुणी अधीरपणे हात घातला की तू ओरडायचीस, "थांब रे! आधी अंदाज, मग करून बघायचं." अंदाज कितीही चुकला तरी तू हसायची नाहीस. अंदाज न करता केलं तर मात्र खैर नव्हती. पलीकडे शांतता पसरायची, पोरं मनातल्या मनात मापं घेत असायची, आणि तेवढा वेळ माझा वर्गही आपोआप शांत व्हायचा. माझ्या निम्म्या शिस्तीचं श्रेय तुझं आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू वर्षभर ऐकवलं असतंस, म्हणून जरा थांबले होते.

आणि राहिलेलं दुसरं म्हणजे ते वालांचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी तू पिशवी माझ्या टेबलावर आपटलीस. अलिबागच्या बहिणीने पाठवलेले कडवे वाल.

"शैला, केवढेसे आहेत हे. एखाद्याने नाकात घातला तर?"

"दरवर्षी तू हेच विचारतेस."

"दरवर्षी ते एवढेच असतात."

"आणि दरवर्षी कुणी घालत नाही. वाल गेलाय तो तुझ्या डोक्यात. बाकी कुणाच्या कुठे जात नाही."

"मी म्हणते, आंब्याची कोय घे. कोय नाकात जात नाही."

"नोव्हेंबरात आंबा? कुठल्या बाजारात गं? मला पण ने."

"मग हे तरी कुठे ह्या ऋतूचे? सुकलेत. मागच्या वर्षीचे आहेत."

इथे तू जरा अडलीस. मला आजही त्याचा आनंद आहे. मग म्हणालीस, ओले दाणे कुजतील. मी म्हटलं, म्हणजे नियम मोडलास. तू पिशवीला गाठ मारलीस. "जा गं, सुट्टीनंतर बघू. एकाने जरी घातला ना, तर मी आयुष्यभर कोयी मोजीन."

पिशवी कपाटात तशीच आहे, गाठ तुझीच. ती न सोडता बटणं वाटावीत असं दिवसभरात बऱ्याचदा मनात आलं. बटणं मोठी असतात, चार भोकांची असतात, नाकात अडकली तरी श्वास जाईल. पण मुलांना तू वाल सांगितले आहेत. उद्या एक खोटं मोडायचंय, त्याच दिवशी दुसरं कसं सुरू करू?

*

सोमवार, संध्याकाळ.

सांगितलं.

सकाळी शिंपले ज्याचे त्याला घरी न्यायला दिले. तुझा मी टेबलाच्या खणात ठेवला, कुणाचं लक्ष नसताना. मग पिशवी सोडली. गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. मुलं गोल करून बसली होती. वाटी फिरत होती, प्रत्येकजण 'व वालाचा' म्हणून एकेक उचलत होता. दीपालीने दोन उचलले.

"दोन कशाला गं?"

"एक बाईंचा."

"दीपाली, बाई आता येणार नाहीत."

"आज?"

"आज नाही. उद्या पण नाही."

"शिमग्याला?"

"कधीच नाही. बाई मेल्या."

हा शब्द मी तयार केलेल्या वाक्यांत नव्हता. आपणच म्हणालो की दुसरं कुणी, हे मला क्षणभर कळेना. मी मुलांच्या रडण्याची वाट बघत बसले.

"आमचे आजोबा पण मेले," दीपाली म्हणाली.

"माझ्याकडचा लाल मासा मेला," मागून कुणीतरी.

"आमच्याकडे रोज मेलेले मासे येतात. मग आम्ही खातो."

"मग गावाला कोण गेलं?" ओमकारने विचारलं.

"कुणी नाही. मी खोटं सांगितलं होतं."

"म्हणजे फणस नाही?"

"फणस नाही."

वर्गात सगळ्यात जास्त दुखावलेला चेहरा त्याचा होता. तो मला माफ करेल की नाही, सांगता येत नाही. बाकीच्यांनी केलंय की त्यांना काही वाटलंच नव्हतं, तेही कळत नाही. सानिका, तुझ्या पदराचं टोक धरून बसणारी, ती मात्र उठली. तुझ्या खुर्चीपाशी गेली, वाकून खुर्चीखाली नीट बघितलं आणि जागेवर येऊन बसली. रडली नाही. रडायची माझी वेळ आली होती, पण समोर एवढी माणसं बसलेली.

मग मुख्य प्रश्न निघाला. दीपालीने तुझा वाल तळहातावर धरून विचारलं, "हा कुठे टाकायचा?"

"इथे टाक," एकजण म्हणाला.

"इथे नको. त्या इथे नाहीत."

"मग घरी."

"घरी पण नाहीत ना!"

"तिसरी टोपली आणा."

"तिच्यावर काय लिहिणार?"

आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. शैला, मी इतकं वाचलंय. मोठमोठ्या माणसांनी ह्या प्रश्नावर हयात घालवली आहे आणि लहान शिशू तिथे सकाळच्या सुट्टीआधी पोचला होता. मी म्हटलं, "मला माहीत नाही. विचार करून उद्या सांगते." हे मात्र त्यांना पटलं. तू पण त्यांना असंच सांगायचीस का? की 'मार्चमध्ये बघू' म्हणायचीस?

तोवर दीपालीचा हात दुखायला लागला होता, म्हणून तिने तो वाल ओमकारकडे दिला. "धर. पाडू नको." आम्ही मोजायला बसलो. इथे इतके, घरी इतके. आजारी असलेल्या दोघांचे धरून सगळे बरोबर आले. "आता बाईंचा," दीपाली म्हणाली, "दे रे."

ओमकारने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही रिकामे.

चटई झटकली. खिसे बघितले. मुलांनी एकमेकांच्या कॉलरी उलट्या करून बघितल्या. ओमकार तेवढा न हलता बसला होता, ताठ, तोंड उघडं ठेवून, आणि तोंडाने श्वास घेत होता. इतकी वर्षं मी रोज ज्याची वाट बघितली ते समोर बसलं होतं, तरी ओळखायला मला थोडा वेळ लागला.

मी त्याच्या आईला फोन केला, वर्ग मदतनीस ताईंवर सोपवला आणि त्याला उचलून समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांकडे पळाले. जिने चढताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. वाल ओलाव्याने फुगतो एवढं मला माहीत आहे. कडवे वाल मी भिजत घालते तेव्हा सकाळी केवढे होतात तेही माहीत आहे. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही खुर्चीवर बसा. मुलाला काही होत नाही, तुमचं सांगता येत नाही." मग टोकाला वाकडी असलेली एक बारीक सळई घेतली, ओमकारच्या डाव्या नाकपुडीत घातली आणि वाल काढला. फार तर थोडासा फुगला होता. ओमकार एकदा शिंकला.

"कुणाचा रे हा?" डॉक्टरांनी वाल दिव्यासमोर धरून विचारलं.

"बाईंचा," ओमकार म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

वाद मी जिंकले, शैला. आयुष्यभर कोयी मोजीन म्हणाली होतीस. मी पायऱ्यांवर उभी राहून पर्समधला फोन काढला आणि तुझं नावही काढलं, तुला ऐकवायला. मग फोन परत ठेवला. दुसऱ्या कुणाला ह्यातलं काय कळणार? माझं म्हणणं इतकी वर्षं बरोबर होतं हे माहीत असलेली एकटी तू होतीस, आणि तूच ते मान्य करायचं बाकी ठेवून गेलीस.

वाल पर्समध्ये आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या कागदात गुंडाळलेला. कुठे टाकायचा ते उद्या सांगायचंय. उद्यापासून वर्गात वाल ठेवायचे की बटणं, हेही ठरवायचंय. चिटणीसांचा निरोप आलाय, उद्या दुपारी भेटा. मला अजून एकाही प्रश्नाचं उत्तर सुचलेलं नाही.

परत येताना रस्ता ओलांडायच्या आधी मी ओमकारला विचारलं, "का रे घातलास?"

"बसतो का बघत होतो."

"आधी अंदाज केला होतास?"

"हो."

"किती बसतील म्हणून?"

"एक."

एकच बसला होता.